त्रिरश्मीची चित्रे आणि चित्राखालची ओळ

कलेचा इतिहास हा विषयच असा आहे की तो चित्राशिवाय शिकवता येत नाही. लढाईची तारीख तोंडी सांगता येते, तहाची कलमे फळ्यावर लिहून देता येतात. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात पिंपळपानाकृती गवाक्षातून आत उजेड कसा येतो, किंवा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची नजर खाली कशी झुकली आहे, हे तासभर वर्णन करून सांगितले तरी ज्याने ते पाहिलेले नाही त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणूनच जगातल्या ज्या विद्यापीठांनी हा विषय मनावर घेतला, त्यांनी ग्रंथालयाइतक्याच काळजीने आपला चित्रसंग्रह उभा केला. आधी काचेच्या पट्ट्या, मग पस्तीस मिलिमीटरच्या स्लाइड आणि आता संगणकातल्या प्रतिमा. साधन बदलले, काम तेच राहिले.

आमच्याकडे या गोष्टीचा विचार फारसा होत नाही. चित्रसंग्रह म्हणजे चार-दोन हजार फोटो, त्यात काय एवढे, असे वाटते. पण विद्यार्थ्यापुढे कोणते चित्र ठेवायचे आणि त्याखाली काय लिहायचे, हे ज्याच्या हाती असते, तोच पुढच्या पिढीचा इतिहास ठरवत असतो. चित्राखालची एक ओळ! तीत ठिकाणाचे नाव असते, काळ असतो, कुणी घडवले ते असते. शंभर पानांचा ग्रंथ विद्यार्थी विसरतो, पण ती ओळ त्याच्या डोक्यात आयुष्यभर राहते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या संदर्भात ही गोष्ट आम्हाला तातडीने मांडावीशी वाटते.

आधी हा चित्रसंग्रह चालतो कसा ते पाहू. हाइनरिख व्योल्फलिन नावाचा एक स्विस कलेतिहासकार होऊन गेला. बर्लिन विद्यापीठात शिकवताना तो पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवत असे. दोन चित्रे एकत्र पाहिली की फरक आपोआप दिसतो, प्रश्न आपोआप पडतो. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली आणि प्रत्येक कलेतिहास विभागात दोन प्रोजेक्टर व लोखंडी खणांचे कपाट आले. कपाटातल्या प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर बारीक अक्षरात स्थळ, लेण्याचा क्रमांक, शिल्प कोणत्या भिंतीवर आहे, काळ, छायाचित्र कुणी घेतले आणि संग्रहातला अनुक्रमांक लिहिलेला असे. ही नोंद नसेल तर ती स्लाइड निरुपयोगी. कोडॅक कंपनीने स्लाइड प्रोजेक्टर बनवणे २००४ मध्ये थांबवले आणि ही कपाटे हळूहळू बंद झाली, पण त्यातली नोंद संगणकात गेली. आज कुणी चित्र शोधतो ते त्या नोंदीतल्या शब्दांवरूनच शोधतो. जे नाव नोंदीत नाही, ते शोधणाऱ्याला सापडत नाही.

आता आमच्या लेण्यांची चित्रे कुठे कुठे जमा झाली ते पाहा. अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात वॉल्टर स्पिंक नावाचे प्राध्यापक होते. ते २०१९ मध्ये वारले. त्यांनी आपले आयुष्य अजिंठ्याला वाहिले. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, इसवी सन ४६० ते ४८० च्या आसपास अवघ्या काही वर्षांत अजिंठ्याचा दुसरा टप्पा घडला, हा त्यांचा सिद्धांत. तो सर्वांना मान्य नाही, परंतु त्याला बाजूला सारून अजिंठ्यावर लिहिता येत नाही. त्याच मिशिगन विद्यापीठात दक्षिण आशियाई कलेच्या अभ्यासकांच्या अमेरिकी संघटनेसाठी रंगीत स्लाइडचे संच तयार होत आणि वर्गात शिकवण्यासाठी ते अन्य विद्यापीठांना दिले जात. ओहायो राज्य विद्यापीठात जॉन आणि सुसान हंटिंग्टन या दांपत्याने आशियाभर फिरून बौद्ध कलेच्या छायाचित्रांचे प्रचंड भांडार उभे केले. आपल्या देशात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे केंद्र १९६५ मध्ये वाराणसीत सुरू झाले, पुढे ते गुरुग्रामला गेले. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक छायाचित्रे आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली आणि तिथेही कलेतिहास शिकवण्यासाठी स्लाइडचा संग्रह उभा राहिला.

या लोकांना आम्ही दोष देत नाही. उलट त्यांचे आभारच मानले पाहिजेत. ज्या काळात आमच्याच राज्यातले शिक्षित लोक लेण्यांकडे सहलीची जागा म्हणून पाहत होते, त्या काळात हे अभ्यासक कॅमेरे घेऊन डोंगर चढत होते. प्रश्न आमचा आहे. लेणी महाराष्ट्रात, आणि ती शिकण्याची साधने मात्र महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या हाताबाहेर, ही स्थिती आजची नाही. १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले गेले. त्याच्या बहुतेक प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. या मुलांनी अंधारात, वटवाघळांच्या घाणीत बसून पुन्हा सगळ्या प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यातल्या कितीतरी १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. काम इथल्या हातांनी केले, संग्रह तिथे झाला आणि राखही तिथेच झाली. अजिंठ्याच्या मूळ भिंतीवरचा रंग मधल्या काळात गळत गेला, त्यामुळे त्या प्रतिकृतींबरोबर काही दृश्ये कायमची गेली. संग्रह एकाच ठिकाणी आणि दूर ठेवण्याची किंमत काय असते ते यावरून कळते.

आता नाशिककडे येऊ. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून शहराच्या दक्षिणेस जो डोंगर आहे, त्यावर चोवीस क्रमांकांची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकात सुरू झालेले हे काम पुढे सहा-सातशे वर्षे या ना त्या रूपात चालू राहिले. २०२१ मध्ये डोंगरावर साफसफाई करताना पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या लोकांना आणखी तीन लेणी आढळली. म्हणजे डोंगराने आपले सगळे अजून दाखवलेले नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव प्राकृतात ‘तिरण्हु’ असे येते, तेच त्रिरश्मी. डोंगराने आपले नाव दगडावर लिहून ठेवले आहे. तरीही लोकांच्या तोंडी, रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि कितीतरी पुस्तकांत त्याचे नाव काय? पांडवलेणी!

कुणी म्हणेल, नावात काय आहे? लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आले, त्यांनी काय कट केला आहे का? नाही, लोकांनी कट केलेला नाही. ज्या लेण्यांत भिक्खू राहिले नाहीत, ब्राह्मी लिपी वाचणारा उरला नाही, तिथे लोकांनी आपल्याला माहीत असलेली गोष्ट जोडली. नाशिकजवळच म्हसरूळच्या डोंगरात जैन लेणी आहेत, तीर्थाचे नाव गजपंथ, पण लोक त्यांना चांभारलेणी म्हणत आले. लोकनाव हासुद्धा इतिहासाचा पुरावा असतो, त्याची नोंद ठेवलीच पाहिजे. पण लोकांच्या तोंडचे नाव वेगळे आणि विद्यापीठाने चित्राखाली लिहिलेले नाव वेगळे. लिपी वाचता येत नव्हती तोवर लोकांची चूक समजण्यासारखी होती. एडवर्ड वेस्ट, भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख वाचले त्याला शतक-दीड शतक उलटले. भगवानलालांनी १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरसाठी या लेण्यांवर प्रकरण लिहिले. एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने १९०५-०६ मध्ये एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात सगळे लेख पुन्हा तपासून छापले. त्यानंतरही वर्गात ‘पांडवलेणी’ एवढीच ओळ दाखवली जात असेल, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. तो आळस आहे, आणि या आळसाचा फायदा कुणाला होतो हे बहुजन समाजाला वेगळे सांगायला नको.

नाव हा तर पहिला मुद्दा झाला. दुसरा शब्द ‘हीनयान’. त्रिरश्मीची जुनी लेणी हीनयान पंथाची असे सर्रास छापले जाते. हीन म्हणजे कमी प्रतीचा. हे नाव दुसऱ्या पंथाने दिलेले आहे, ज्यांना दिले त्यांनी ते स्वतःसाठी कधी वापरले नाही. क्रमांक तीनच्या लेण्यातला लेख वाचा. ते लेणे ज्या भिक्खुसंघाला दिले, त्याचे नाव भदावनीय, म्हणजे भद्रायणीय, असे स्वच्छ कोरलेले आहे. दगडावर संघाचे नाव असताना आपण त्याच्यावर शिवीसारखा शब्द का चिकटवायचा? चित्राखाली ‘भद्रायणीय संघाला दिलेला विहार’ असे लिहायला किती शाई लागते?

व्योल्फलिनची दोन चित्रांची पद्धत इथे लावून पाहू. पडद्यावर डावीकडे दहाव्या क्रमांकाचे लेणे, उजवीकडे तिसऱ्या क्रमांकाचे. दहावे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या घराण्याचे, त्याचा जावई उषवदात याने करविलेले. तिसरे सातवाहनांचे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपला नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात दिलेले. दोन्ही विहार. दोन्हींत समोर खांबांची ओसरी, मध्ये सभागृह, तिन्ही बाजूंना खोल्या. दहाव्यात सोळा खोल्या, तिसऱ्यात अठरा. खांबांवर घंटेच्या आकाराची शीर्षे आणि त्यांवर प्राणी. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे तिसऱ्या लेण्यातला लेख अभिमानाने सांगतो, पण त्याच्या आईने लेणे कोरवले ते शत्रूच्या लेण्याच्या नमुन्यावर! युद्ध राजांचे होते. भिक्खूंना राहायला कसा विहार लागतो हे कारागिरांना माहीत होते आणि त्यांनी ते दोन्ही राजवटींसाठी केले. ही एक गोष्ट दोन चित्रे शेजारी ठेवली की पाच मिनिटांत विद्यार्थ्याला समजते.

आणि आणखी एक गोष्ट दिसते. तिसऱ्या लेण्यात मागच्या भिंतीवर स्तूपाचे उठावशिल्प आहे. दहाव्या लेण्यात त्याच जागी आज भैरव दिसतो. मूळच्या स्तूपाचे शिल्प तासून पुढच्या काळात तो भैरव केला गेला, असे एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणकारांनी नोंदवून ठेवले आहे. नुसते दहाव्या लेण्याचे चित्र दाखवले आणि खाली ‘भैरव’ एवढेच लिहिले, तर विद्यार्थी काय समजेल? इथे आधीपासून भैरवच होता असे समजेल. तिसऱ्याचे चित्र शेजारी असेल आणि खाली पूर्ण नोंद असेल, तर त्याला बौद्ध स्थळांचे काय झाले याचा पुरावा भाषणाविना मिळेल. आम्हाला घोषणांपेक्षा असा पुरावा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो कुणाला खोडता येत नाही.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे हे येथे नमूद केले पाहिजे. गौतमी बलश्रीच्या त्याच लेखात तिचा मुलगा एकमेव ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, अशीही प्रशंसा आहे. बौद्ध भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णव्यवस्थेच्या रक्षकाची स्तुती! हे वाक्य आपल्याला अडचणीचे वाटते म्हणून चित्राखालच्या ओळीतून गाळायचे काय? मुळीच नाही. प्रस्थापितांनी फक्त हेच वाक्य उचलले आणि दान कुणाला दिले ते मागे ठेवले. आपण उलटे केले तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला? संपूर्ण लेख विद्यार्थ्यापुढे ठेवा. राजसत्ता वर्णाचा अभिमान मिरवत होती आणि त्याच वेळी राजमाता संघाला विहार देत होती, हा अंतर्विरोध समजून घेण्याची कुवत आमच्या मुलांमध्ये आहे.

राजांच्या पलीकडे गेले की त्रिरश्मीचा खरा खजिना सुरू होतो. अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह घ्या. त्याच्या दर्शनी भागावर धंभिक गावचे दान असा लेख आहे. एका गावाने मिळून केलेले दान! चैत्यगृह पूर्णत्वास नेल्याचे श्रेय ज्या लेखात आहे त्यात भटपालिका या स्त्रीचे नाव आहे. आठव्या क्रमांकाचे छोटे लेणे मुगूदास नावाच्या दासकाने परिवारासह दिले; दासक म्हणजे मासेमार असा अर्थ सेनार यांनी लावला आहे. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरीचा यवन, म्हणजे ग्रीक. विसावे लेणे बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केले, ते वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहिले, आणि यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले. दहाव्या लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने खोली दिली. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे: विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायम ठेव ठेवली, आणि ती ठेव ज्या श्रेणींकडे ठेवली त्यांत पाण्याची यंत्रे बनवणारे आहेत, तेल गाळणारे आहेत.

आता हीच लेणी पुस्तकातल्या नेहमीच्या ओळींत पाहा. ‘सातवाहनकालीन लेणे’, ‘क्षत्रपकालीन विहार’. मासेमार गेला, गाव गेले, बायका गेल्या, तेली गेले. राहिली राजघराणी. चित्र तेच, दगड तोच, पण ओळीने माणसे पुसून टाकली. कष्टकऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या दानाने उभा राहिलेला डोंगर राजांच्या खात्यावर जमा झाला. बाबासाहेबांनी आम्हाला जो धम्म दिला, त्याचा या भूमीशी काय संबंध, असे कुणी आजही विचारतो. त्याला उत्तर द्यायला मुगूदासाच्या लेण्याचे एक चित्र आणि त्याखालची एक खरी ओळ पुरेशी आहे.

आज कुणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग संग्रहाची गरज काय? त्रिरश्मीला रविवारी गेले तर शेकडो मोबाइल दिसतील. फोटो लाखो निघतात हे खरेच. पण ढीग आणि संग्रह यांत फरक आहे. पायऱ्यांवर उभे राहून काढलेल्या स्वतःच्या छबीमागे लेख असतो, तो वाचता येत नाही. शिलालेखाचे छायाचित्र घ्यायचे तर तिरपा उजेड लागतो, म्हणजे अक्षराच्या खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवावी लागते, नाहीतर शिल्प वीतभर की पुरुषभर ते कळत नाही. भिंतीची दिशा, तारीख, वेळ लिहावी लागते. तीच जागा काही वर्षांनी पुन्हा त्याच कोनातून टिपावी लागते, म्हणजे दगड किती झिजला, पाणी कुठून झिरपते ते समजते. हे काम शिस्तीचे आहे आणि ते एकट्या-दुकट्या उत्साही माणसाचे नाही, संस्थेचे आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अजिंठ्याची चित्रे, ताजमहालातील कबरीचा भाग आणि लेहचा राजवाडा सोडून अन्य संरक्षित स्मारकांत छायाचित्रणाला मोकळीक दिली. हौशी माणसाची अडचण त्यामुळे गेली, परंतु ट्रायपॉड आणि दिवे लावून करायच्या कामाला पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळवणे विद्यापीठालाच सोपे जाते.

दुसरा आक्षेप असा की सगळे इंटरनेटवर आहे. आहे, पण कोणत्या भाषेत आणि कुणाच्या मर्जीवर? आर्टस्टोर हे कलाप्रतिमांचे मोठे भांडार अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाले. त्याच्या मुख्य संग्रहासाठी ग्रंथालयांना वर्गणी भरावी लागे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे स्वतंत्र व्यासपीठ बंद झाले आणि प्रतिमा जेस्टोर या दुसऱ्या ठिकाणी हलवल्या गेल्या. तिकडच्या एका निर्णयाने वाट बदलते. वर्गणी न भरू शकणाऱ्या तालुक्याच्या कॉलेजला तर ती वाट कधी नव्हतीच. त्या कॉलेजात चित्रकलेचा डिप्लोमा करणारा मुलगा कलेचा इतिहास कशावरून शिकतो? गाइडमधल्या काळ्या डागासारख्या छपाईवरून. त्यात पद्मपाणी कोणता आणि भिंतीची भेग कोणती हे ओळखणेसुद्धा कठीण. परीक्षेत तो पाठ केलेल्या चार ओळी लिहितो आणि पास होतो. लेणे त्याच्या गावापासून वीस किलोमीटरवर असते.

म्हणून आमची मागणी साधी आणि स्पष्ट आहे. त्रिरश्मीचा एक खुला, मराठी, शिकवण्यासाठी वापरता येईल असा चित्रसंग्रह नाशिकमध्ये विद्यापीठाच्या पातळीवर उभा राहावा. आणि तो यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने उभा करावा. हे नाव आम्ही सोयीसाठी घेत नाही. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ ज्यांना नेहमीच्या कॉलेजची दारे बंद झाली त्यांच्यासाठी आहे. कामगार, शेतमजूर, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाया यांच्यासाठी आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. दूरस्थ शिक्षणात विद्यार्थी लेण्यापर्यंत येऊ शकत नाही, तेव्हा लेणेच विद्यार्थ्यापर्यंत न्यावे लागते. चित्रसंग्रहाची गरज मुक्त विद्यापीठाइतकी दुसऱ्या कुणालाच नसेल.

आणि दुसरे कारण अधिक गंमतीचे आहे. हे विद्यापीठ कुठे आहे? गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन गावी. त्रिरश्मीच्या शिलालेखांत ज्या गोवर्धनाचे नाव पुन्हा पुन्हा येते, ते याच भागातले मानले जाते. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख सांगतो की त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनात राहणाऱ्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका कोलिक श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनेकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण टक्क्याने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत अशी सोय लेखात आहे. हिशेब तंतोतंत जुळतो! क्षत्रपाच्या जावयाने पैसे ठेवले ते विणकरांच्या विश्वासावर. पुढे लेख म्हणतो की हे सर्व निगमसभेत जाहीर केले आणि रीतीप्रमाणे ‘फलकवारी’ नोंदवले. फलकवार म्हणजे दप्तर, नोंदीची कचेरी. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गोवर्धन परिसरात दानाची जाहीर वाचणी होत होती आणि त्याची नोंद दप्तरात ठेवली जात होती. त्याच गोवर्धनात आज विद्यापीठ आहे. नोंद ठेवण्याची परंपरा या मातीत आहे, ती फक्त पुन्हा सुरू करायची आहे.

हे काम करायचे कसे? आमच्या मते पहिल्या टप्प्यात चोवीस लेणी आणि २०२१ ची तीन, एवढेच घ्यावे. प्रत्येक लेण्याचा नकाशा, बाहेरचे दृश्य, खांब, शीर्षे, खोल्या, शिल्पे आणि प्रत्येक शिलालेख जवळून. प्रत्येक चित्राखाली लेण्याचा क्रमांक, लेखातले नाव आणि लोकांतले नाव दोन्ही, दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय, ते दान कुणाला दिले ते, काळ आणि त्या काळाबद्दल मतभेद असतील तर तेही. लेखाचे मूळ प्राकृत देवनागरीत द्यावे आणि शेजारी सोप्या मराठीत अर्थ. पुढच्या काळातले बदल, मग तो भैरव असो की अकराव्या लेण्यातल्या जैन मूर्ती, वेगळे करून लिहावेत. कुणाचेच काही लपवू नये. जुनी छायाचित्रे मिळतील तेवढी शेजारी ठेवावीत. आणि हे सारे कुणालाही विनामूल्य पाहता, उतरवून घेता आणि वर्गात दाखवता आले पाहिजे. संग्रहाची एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी. लंडनच्या दोन आगींचा धडा एवढा तरी घ्यावा.

याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो अभ्यास आणि सातत्य. पाली आणि प्राकृत शिकणारी आमची मुले आहेत, ब्राह्मी लिपीचे वर्ग चालवणारे कार्यकर्ते गावोगाव आहेत. रविवारी लेण्यांवर जाऊन लोकांना लेख वाचून दाखवणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. या मुलांना कुणी मानधन देत नाही, ओळखपत्र देत नाही. विद्यापीठाने त्यांना नोंदी करण्याच्या कामात घ्यावे, त्यांच्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात आणि संग्रहात त्यांचे नाव लिहावे. मुगूदासाचे नाव दगडावर लिहिले गेले, तर आजच्या कार्यकर्त्याचे नाव नोंदीत लिहायला काय हरकत आहे?

दुसऱ्या टप्प्यात हा संग्रह आपल्या काळापर्यंत आला पाहिजे. नाशिकने २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिला, आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षे नेटाने लढवला. याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या काळाची जी छायाचित्रे, पत्रके, जलशांची हस्तलिखिते, विहारातल्या जुन्या तसबिरी घराघरांत असतील, त्याही कलेच्या आणि दृश्य इतिहासाच्या वस्तू आहेत. १९५६ नंतर गावोगावच्या विहारांत बुद्धमूर्ती बसल्या, त्या कुणी घडवल्या, कोणत्या नमुन्यावरून घडवल्या, निळ्या रंगाचे चित्र कसे तयार झाले, हा कलेच्या इतिहासाचाच प्रश्न आहे. आपण आपल्या ट्रंका उघडल्या पाहिजेत. वाळवीने खाल्लेल्या फोटोखाली कुणालाच ओळ लिहिता येत नाही. फोटोत कोण आहे हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून फोटोमागे नावे लिहून घ्या. एवढे तरी प्रत्येक घरात आजच होण्यासारखे आहे.

नाशिकचे नावसुद्धा याच डोंगरावर लिहिलेले आहे. एकोणिसाव्या लेण्यातला लेख सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या काळचा, इथला सर्वांत जुना. नासिकच्या श्रमणांसाठी नेमलेल्या महामात्राने हे लेणे करविले असे त्यात म्हटले आहे. शूर्पणखेच्या नाकाची कथा प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. आपल्या शहराचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध श्रमणांच्या लेण्यात कोरलेले आहे हे किती मुलांना ठाऊक असते? त्या लेखाचे एक स्वच्छ चित्र आणि खाली मराठीत खरी ओळ, एवढे जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागले पाहिजे. ते छापून देण्याचे काम विद्यापीठाचे. ते मागण्याचे काम आपले. आंबेडकरी संस्था, शिक्षक संघटना आणि विद्यार्थी यांनी या मागणीचे निवेदन कुलगुरूंकडे न्यावे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.